सीमाभागात राहून वंश, जात आणि समाज शिकायचा असेल तर

पीयूसीचा, म्हणजे बारावीचा, निकाल लागला की पंधरा दिवस आमच्या कॉलेजच्या व्हरांड्यात एकच प्रश्न ऐकू येतो: "मॅडम, एचईपी घेऊ की एचईएस?" म्हणजे इतिहास आणि अर्थशास्त्राच्या जोडीला राज्यशास्त्र घ्यायचं की समाजशास्त्र. विचारणारी मुलं खानापूर, निपाणी, चिकोडी, येळ्ळूर अशा गावांची असतात. घरात मराठी, दाखल्यावर कन्नड, पुस्तकात इंग्रजी. त्यातलं एखादं हळूच विचारतं, "वंश, वर्णभेद हे सगळं अमेरिकेतलं ना? ते शिकून आपल्याला काय उपयोग?" हा लेख त्या मुलांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी आहे. माझं मत आधीच सांगते. माणसांचे गट कसे पडतात आणि गटांमध्ये उच्चनीच कोण ठरवतं, हे शिकायला सीमाभागासारखी जागा नाही. अडचण एवढीच, की या नावाचा कोर्स आपल्याकडे सहसा मिळत नाही. तो वेगवेगळ्या पेपरांत विखुरलेला असतो आणि शोधून जुळवावा लागतो.

आधी शब्दांची वही

प्रवेश घेण्याआधीच दोनशे पानी वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: मराठी, कन्नड, इंग्रजी. मराठीत रेसला वंश म्हणतात, एथ्निसिटीला वांशिकता आणि ट्राइबला जमात. कन्नडमध्ये वांशिक भेदभावाबद्दल बोलताना 'जनांगीय' शब्द येतो, जमातीला 'बुडकट्टु' म्हणतात, आणि सरकारी दाखल्यावर अनुसूचित जमात 'परिशिष्ट पंगड' होते. वर्षभर हा गोंधळ निस्तरत बसण्यापेक्षा पहिल्या आठवड्यातच तो सोडवलेला बरा.

शब्दांचे अर्थही नीट लावून घ्या. वंश म्हणजे शरीरावर दिसणाऱ्या खुणांना, म्हणजे रंग, केस, नाक यांना, समाजाने चिकटवलेला अर्थ. जीवशास्त्राने माणसांचे असे पक्के कप्पे कधीच मोडीत काढले आहेत. कोणतीही दोन माणसं घेतली तरी त्यांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखा निघतो. पण कप्पे खोटे असले तरी त्यांच्यापायी नाकारलेली नोकरी खरी असते. वांशिकता म्हणजे भाषा, मूळ, चालीरीती, देवधर्म यांवरून 'आपण' आणि 'ते' ठरणं. जात यांपैकी कशातच पूर्ण बसत नाही, आणि अभ्यासातला खरा वाद तिथेच आहे. आपल्या संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान असे शब्द वेगवेगळे दिले आहेत, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

हा विषय कुठून आला

अमेरिकेत 'एथ्निक स्टडीज' हा विषय विद्यार्थ्यांनी भांडून मिळवला. सॅन फ्रान्सिस्को स्टेटमध्ये नोव्हेंबर १९६८ ते मार्च १९६९ असा विद्यार्थ्यांचा संप चालला. आमचा इतिहास अभ्यासक्रमात का नाही, हा कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिनो आणि मूलनिवासी मुलांचा सवाल होता. त्यातून १९६९ मध्ये तिथे या विषयाचं स्वतंत्र महाविद्यालय उभं राहिलं. २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून आपल्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या पदवीसाठी या विषयाचा एक कोर्स सक्तीचा केला. त्याच विद्यापीठाने २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात 'जात' हा शब्द घातला. म्हणजे आपल्याकडची जात तिथल्या नियमावलीत पोचली, आणि आपण मात्र वंश हा परका विषय मानून बसलो आहोत.

मराठी वाचकाला तो परका वाटायचं खरं तर काही कारण नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या माणसांना. बाबासाहेबांनी जातीवरचा आपला पहिला मोठा निबंध ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचला. पुढे १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर अभ्यासक ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतल्या निग्रोंची बाजू संयुक्त राष्ट्रांपुढे मांडली जात होती, तिच्याबद्दल त्यांना जाणून घ्यायचं होतं. १९७२ च्या दलित पँथरचं नावच ब्लॅक पँथरवरून घेतलेलं.

तरीही 'जात म्हणजेच वंश' असं उत्तर लिहू नका. बाबासाहेबांना ते मान्य नव्हतं. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांच्यात वंशाचं कसलं नातं, असा त्यांचा रोखठोक युक्तिवाद होता. पण २००१ मध्ये डर्बनला संयुक्त राष्ट्रांची वर्णद्वेषविरोधी परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तिथे घ्यावा म्हणून दलित संघटनांनी आग्रह धरला, आणि भारत सरकारने विरोध केला. दोन्ही बाजू समजून घेऊन तीन पानं लिहिता आली, तर या विषयाचा पाया पक्का झाला असं समजा.

कुठे आणि काय घ्यायचं

बेळगाव, विजयपूर या भागातली बरीचशी पदवी महाविद्यालयं राणी चन्नम्मा विद्यापीठाला जोडलेली आहेत. प्रवेशाचा अर्ज यूयूसीएमएस पोर्टलवर भरतात. बीएला समाजशास्त्र नक्की घ्या आणि जोडीला इतिहास किंवा राज्यशास्त्र. कर्नाटकाने २०२४-२५ पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची केली. पुढे परदेशी किंवा दुसऱ्या राज्यात जायचा विचार असेल, तर तिथे चार वर्षांची अट आहे का, हे आत्ताच विचारून ठेवा.

मानवशास्त्र, म्हणजे अँथ्रोपॉलॉजी, हवं असेल तर जवळचा मोठा विभाग धारवाडला, कर्नाटक विद्यापीठात आहे. मराठी पुस्तकांच्या जगात राहून एमए करायचं असेल तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ. निपाणीकरांना अर्जुननगरचं कॉलेज पायाखालचं, पण ते कागल तालुक्यात येतं आणि शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं आहे. रस्ता ओलांडला की विद्यापीठ बदलतं, हा आपल्या भागाचा नमुना. नोकरी करत शिकणाऱ्यांसाठी इग्नू आहे. तिचं विभागीय केंद्र विजयपूरला आहे, आणि समाजशास्त्र व मानवशास्त्र दोन्हींत एमए करता येतं. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा विचार असेल, तर सीयूईटी या प्रवेशपरीक्षेची तयारी बीएच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच धरा.

केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात, पैसे फक्त परीक्षेचे. सत्रं साधारण जानेवारी आणि जुलैपासून चालतात. यूजीसीच्या नियमाप्रमाणे एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक (क्रेडिट) असे मिळवता येतात, पण तुमचं कॉलेज ते धरणार का हे लेखी विचारा. आमच्याकडे एका मुलीने मन लावून कोर्स पूर्ण केला, प्रमाणपत्र आणलं, आणि मगच तिला कळलं की ते गुणपत्रिकेत येणार नाही. तिचे चार महिने गेले. अमेरिकेतले वर्ग ऐकायचे असतील तर येल विद्यापीठाने आफ्रिकी अमेरिकी इतिहासाची संपूर्ण व्याख्यानमाला खुली ठेवली आहे. इंग्रजी जड गेलं तर उपशीर्षकं लावून अर्धा तास ऐका, नवे शब्द वहीत उतरवा, दुसऱ्या दिवशी पुढे जा.

आता दाखल्यांचं. यात मुलं फार अडकतात. नाडकचेरीतून, म्हणजे तहसीलच्या स्थानिक कार्यालयातून, मिळणाऱ्या जात-उत्पन्न दाखल्यावरचा आरडी नंबर जपून ठेवा, शिष्यवृत्तीच्या प्रत्येक अर्जात तो लागतो. आणि लक्षात घ्या, जातींच्या याद्या राज्यागणिक वेगळ्या आहेत. कर्नाटकात मराठा समाज मागासवर्गांच्या ३बी प्रवर्गात येतो, महाराष्ट्रात ३बी नावाचा प्रवर्गच नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांनाही दुसऱ्या राज्यात गेल्यावर तिथल्या राखीव जागेवर आपोआप हक्क मिळत नाही, तसा सर्वोच्च न्यायालयाचा १९९० चा निकाल आहे. दुसऱ्या बाजूला, महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो, तिथल्या मराठी मुलांसाठी तिकडच्या काही प्रवेशांत वेगळी तरतूद असते. प्रवेशपुस्तिका हातात आली की त्यात 'सीमाभाग' हा शब्द शोधा आणि कोणता दाखला मागितलाय ते पाहून जूनच्या आधी काढून ठेवा. जूनमध्ये नाडकचेरीसमोरची रांग बघवत नाही.

अभ्यासक्रम चाळून बघा

कॉलेजची इमारत, कँटीन, मैत्रिणी कुठे जातात, यावर निवड करू नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून समाजशास्त्राचा अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा. आपला विषय 'सामाजिक स्तरीकरण', 'वंचित समूह', 'आदिवासी समाज', 'अल्पसंख्याक', 'मानवी हक्क' अशा पेपरांच्या पोटात लपलेला असतो. प्रत्येक घटकापुढे एक खूण करा: इथे फक्त व्याख्या आहेत, की एखादा खरा समूह, खरं गाव, खरा कायदाही आहे? मग वाचनयादी बघा. फुले, आंबेडकर, घुर्ये, इरावती कर्वे यांतलं कोण आहे? कुणीच नसेल आणि नुसती गाइडं असतील, तर बाकीचं वाचन स्वतःच करावं लागेल, हे गृहीत धरून चला.

शेवटी एकच प्रश्न विभागात जाऊन समोरासमोर विचारा: "तिसऱ्या वर्षाला मुलांना गावात पाठवता का?" प्रकल्प खरोखर होत असेल तर शिक्षक लगेच एखाद्या गावाचं नाव घेतात. उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येते, हेही तिथेच विचारा. घरी मराठी बोलणाऱ्या मुलांना हा प्रश्न ऐन परीक्षेत पडलेला मी पाहिला आहे.

वाचन: घरातलंच आधी

१८८४ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकविसावा खंड निघाला, तो बेळगाव जिल्ह्याचा. इंटरनेटवर तो फुकट मिळतो. त्यातलं लोकसंख्येचं प्रकरण उघडा. एकेक जात घेऊन तिचा रंग, बांधा, स्वभाव, स्वच्छता यांवर शेरे मारलेले दिसतील. अमुक कष्टाळू, तमुक आळशी. आपल्या आडनावाचा समाज शोधा, शेजारच्या घरचाही शोधा. हे शेरे कुणी लिहिले, कुणाला विचारून लिहिले, आणि वाचून कुणाला काय वाटलं असेल? अख्ख्या समूहाचा स्वभाव एका ओळीत बांधून टाकायचा, ही वंशविचाराची रीत. ती तिथे उघड्या डोळ्यांनी दिसते. अशाच विचारातून १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं गेलं, आपल्या बाजूला हुबळी आणि सोलापूरला त्यांना तारेच्या कुंपणात वसवलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला ते विमुक्त झाले, तरी गावात चोरी झाली की आजही पोलीस आधी कुणाच्या पालावर जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मग रिस्ली वाचा. १९०१ च्या जनगणनेचा हा आयुक्त. नाकाची रुंदी-लांबी मोजून जातीची पायरी कळते, असं त्याचं म्हणणं. त्याला सविस्तर उत्तर दिलं ते मालवणात जन्मलेल्या गो. स. घुर्ये यांनी, १९३२ साली. आकडे तपासून त्यांनी दाखवलं, की उत्तरेतल्या एका पट्ट्यापलीकडे हे गणित बहुतेक ठिकाणी जुळत नाही. इरावती कर्वे तर बर्लिनला ऑयगेन फिशर या वंशशुद्धीवाद्याच्या हाताखाली पीएचडी करत होत्या. कवट्यांच्या मोजणीतून गोरे श्रेष्ठ असल्याचा पुरावा निघावा, अशी गुरूची अपेक्षा. त्यांनी कवट्या मोजल्या आणि तसं काही आढळत नाही, असं लिहून दिलं. पुढे त्यांनीच महाराष्ट्रात माणसांची मोजमापं घेतली, हेही विसरू नका. मोठ्या माणसांचं काम पूर्ण वाचावं, सोयीपुरतं नाही.

एक नाव मात्र सीमाभागाच्या मुलांनी पाठ करावं: फ्रेड्रिक बार्थ, नॉर्वेचा मानवशास्त्रज्ञ. १९६९ मध्ये त्याने मांडलं, की समूह त्यांच्या पेहरावाने, पदार्थांनी किंवा गाण्यांनी टिकत नाहीत, ते टिकतात मधल्या सीमेमुळे. माणसं रोज सीमा ओलांडतात, देवघेव करतात, आणि तरी सीमा राहते. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. सीमावादावरच्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातला दावा २००४ चा. दर १ नोव्हेंबरला एका गल्लीत राज्योत्सव आणि दुसरीत काळा दिन असतो. पण सौंदत्तीच्या यल्लम्माला दोन्ही गल्ल्यांतून माणसं जातात, आणि शनिवारच्या बाजारात भाजीवाली गिऱ्हाईक बघून भाषा बदलते. बार्थ काय म्हणतो ते यापेक्षा सोपं करून मला सांगता येणार नाही.

वर्गात कन्नड घरातली मुलं असतीलच. सीमाप्रश्नावर त्यांच्याशी वाद घालण्याआधी एक काम करा. एकाच गल्लीवर दोघांनी वेगवेगळं एक पान लिहा: घरात कोणती भाषा, दुकानात कोणती, देवाशी कोणती, भांडताना कोणती. मग पानं एकमेकांना द्या. माझ्या वर्गात चिकोडीच्या दोन मुलांनी हे केलं. भांडणाची भाषा दोघांचीही तिसरीच निघाली, दख्खनी.

गावात जाताना

यावर जरा थांबून लिहिते, कारण माझी पहिली चूक इथलीच.

खानापूर तालुक्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, जंगलालगत सिद्दी समाज राहतो. आफ्रिकी वंशाची ही माणसं. पोर्तुगीजांनी त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून गोव्यात आणलं, त्यातले कित्येक पळून घाट चढून इकडे आले. कोकणी बोलतात, तिच्यात मराठी-कन्नड मिसळलेली. काही हिंदू, काही मुसलमान, काही ख्रिस्ती. उत्तर कन्नड जिल्ह्यात त्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींना मात्र २०२० ची वाट पाहावी लागली. माणसं तीच, नातीगोती तीच, फक्त जिल्ह्याची हद्द आड आली. १९८०च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने त्यांची मुलं धावपटू करण्यासाठी निवडली, कारण आफ्रिकी रक्त म्हणजे उपजत वेग, असा समज. योजना काही वर्षांत बंद पडली. हेतू चांगला होता, पण शरीर बघून माणसाचं भविष्य ठरवण्याची रीत रिस्लीचीच.

एमएला असताना मी प्रश्नावली घेऊन अशाच एका वस्तीवर गेले. एका आजीच्या दारात बसले. तिने तांब्याभर पाणी दिलं, शेणाने सारवलेल्या ओट्यावर चटई टाकली, शेजारी कवंदी, म्हणजे गोधडी, शिवायला घेतलेली, जुन्या लुगड्यांचे तुकडे पसरलेले. मी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, तुम्ही मूळचे कुठले?" सुई थांबली. ती मराठीत म्हणाली, "मी इथलीच. तू कुठली? तुला कुणी विचारलं का कधी मूळ?" मला खरंच कुणी विचारलं नव्हतं. माझं घराणं तीन पिढ्यांपूर्वी रत्नागिरीकडून आलेलं, पण गावात मला कुणी परकं म्हटलं नाही.

तेव्हापासून मुलांना मी असं सांगते. पहिल्या दिवशी प्रश्नावली पिशवीतच ठेवा. आधी आपण कोण, कुठल्या कॉलेजचे, हे लिहिलेलं कागदावर दाखवा आणि वाचूनही दाखवा. नको म्हणायचा हक्क आहे, हे स्पष्ट सांगा. जात थेट विचारू नका. काम काय, शेत कुणाचं, लग्नं कुठे होतात, पाणी कुठून आणता, यातून ती आपोआप कळते, आणि नुसत्या नावापेक्षा जास्त कळतं. आडनावावरून तर मुळीच ठरवू नका. घराचा फोटो काढतानाही विचारा. वहीत खरी नावं लिहू नका, खुणेची अक्षरं वापरा. आणि रात्री झोपण्याआधी त्याच दिवसाचं लिहून काढा. दुसऱ्या दिवशी माणसाचे शब्द पुसट होतात आणि आपलेच शब्द त्याच्या तोंडी घातले जातात.

पुढचं

नोकरीचं विचारलं जातंच. प्राध्यापक होण्यासाठीच्या नेट परीक्षेत समाजशास्त्राचा सांकेतिक क्रमांक ०५, आणि पेपर इंग्रजी व हिंदीत येतो, म्हणून शब्दांची वही तेव्हाही कामाला येते. कर्नाटकात तशीच राज्याची केसेट आहे. यूपीएससीला समाजशास्त्र आणि मानवशास्त्र दोन्ही वैकल्पिक विषय आहेत. वकिली, पत्रकारिता, सामाजिक संस्था इथेही या अभ्यासाचं चीज होतं. पण फक्त नोकरीसाठी हा विषय घेऊ नका, दुसऱ्या वर्षाला कंटाळाल.

अहवाल पूर्ण झाला की परत त्या गावी जा. मी सात महिन्यांनी गेले. आजीला वाचता येत नव्हतं, पीयूसीला असलेल्या नातीने मोठ्याने वाचून दाखवलं. चौथ्या पानावर ती थांबली. मी आजीपुढे 'अशिक्षित' लिहिलं होतं. "आजीला तीन भाषा येतात," नात म्हणाली, "तुम्हाला किती येतात?" मी पेन काढलं, शब्द खोडला आणि लिहिलं: शाळेत गेल्या नाहीत, कोकणी, मराठी, कन्नड बोलतात, कवंदी शिवतात. आजीने ते पुन्हा वाचून घेतलं, मग चहा टाकायला सांगितला. एक प्रत त्यांच्याकडे राहिली. तुम्हीही दोन प्रती काढा, आणि दुसरीच्या झेरॉक्सचे पैसे आधीपासून खर्चात धरा.